जीभ दाखवा

धरणगावच्या दवाखान्यात बाकावर बसले तेव्हा
केसांत सरकी होती, पापण्यांवर रुई.
धुतलं तरी येतंच ते अंथरुणापर्यंत.
नंबर तेवीस.

डॉक्टर नेरकर म्हणाले, तोंड उघडा.
जीभ काढा बाहेर.
परक्यासमोर जीभ काढायची
म्हणजे पदर ढळल्यासारखंच वाटलं जरा.
काढली.
ते वाकून बघत राहिले,
व्यापारी गाडीतला कापूस बघतो तसे,
ओल किती, कवडी किती.

पांढरी झालीय. कधीपासून?

मला काय ठाऊक.
जीभ ही काय आरशात बघायची वस्तू आहे?
कपाळ बघते, कुंकू बघते.
शेवभाजी तिखट लागेना तेव्हा वाटलं
मसालाच भेसळीचा आला यंदा.
पोराला म्हटलं, दुकान बदल.

लाकडी पट्टीनं त्यांनी खरवडलं.
दह्याच्या चोथ्यासारखं निघालं काहीतरी.
ताप? नाही.
कुठल्या गोळ्या चालू? नाही.
साखर? बोटाला टोचलं, बरी निघाली.
मिश्री लावता?
नाही.
ते काही बोलले नाहीत.
हिरड्यांनी आधीच सांगून टाकलं असणार.

झोपेत तोंडानं श्वास घेता का?
झोपेत कशाला साहेब, जागेपणीच घेते.
भवानी जिनिंगची रुई नाकात बसलेली,
सकाळी आठ ते रात्री आठ
तोंड उघडं ठेवलं नाही तर जीव राहील कसा?

आणि पाणी? दिवसाला किती?

इथं मी थांबले.

पिंप आहे तिथं. झाकण आहे,
साखळीनं बांधलेला गिलास आहे.
पाण्याची उणीव नाही.
उणीव आहे ती पुरुष डॉक्टरला सांगायची कशी?
पलीकडच्या बाभळी रस्ता रुंद करताना गेल्या.
मागची भिंत आहे, पण तिथं ट्रक लागतात,
आणि ड्रायव्हर काही डोळे मिटून बसत नाहीत.
म्हणून पहाटे एकदा,
अंधार पडल्यावर एकदा,
मधल्या बारा तासांत एखादा घोट,
तोही ओठ भिजवण्यापुरता.
अकरा जणी आहोत आम्ही.
ही विद्या कुणी कुणाला शिकवली नाही.

पिते की, म्हटलं. सात-आठ गिलास.

जिभेला हाड नसतं,
हवी तशी वळते.
रंग मात्र वळवता येत नाही तिला.

त्यांनी लिहून दिलं:
पाणी भरपूर, चुळा, रोज जीभ घासणे.
मग खाली बघत, मी हो म्हटलं होतं असं धरून,
मिश्री बंद करा, म्हणाले.
डाव्या कडेला एक डाग आहे. तो खरवडून निघत नाही.
पंधरा दिवसांनी दाखवा.
राहिला तर जळगावला जाऊ.

जाऊ, म्हणाले. जा नाही म्हणाले.
तेवढ्यावर मी स्टँडपर्यंत चालत आले.

दुसऱ्या दिवशी भाकरीच्या सुटीत म्हटलं,
दाखव वो कस्तुरा, तुझी जीभ.
आधी हसली. मग काढली. पांढरी.
शेवंतीची पांढरी.
निंबाबाईची तर गाठ बांधलेल्या गाठोड्यासारखी.
जमुना नवी, लागून महिनाच झालाय,
तिची अजून गुलाबी होती.
सगळ्या तिच्याकडे बघत राहिल्या,
आणि ती घाबरून तोंड मिटून बसली,
जशी काही तिचीच आजारी होती.

कस्तुरा म्हणाली,
पानी पिसू वो माय, पन जासू कथा?

तेवढ्यात मुकादम आला.
काय चाललंय? जिभा काय काढताय?

मी उठले. पिंपाचं झाकण काढलं.
साखळी खळखळली.
एक गिलास. दुसरा. तिसरा.
इतकं गार पाणी पोटात जातं
हे विसरलेच होते.

आता सांग उखाभाऊ, म्हटलं,
अर्ध्या तासानं मी जासू कथा?

तो भिंतीकडे बघत होता,
मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.
मी चौथा भरला
आणि जमुनाच्या हातात दिला.