परिशिष्ट तीन

सर म्हणाले होते, केस निर्णयाच्या अलीकडं थांबली पाहिजे.
वाचणाऱ्याला दारापर्यंत न्यायचं, कडी काढायची नाही.
विशेषणं नकोत. भूतकाळ वापरा.
आणि कंपनी खरी हवी.

म्हणून आम्ही चौघं, नुजहत, संघदीप, ईश्वरी आणि मी,
कारंज्याला एसटी बदलून
मानोऱ्याच्या रस्त्यावर उतरलो,
जिथं टिनाच्या शेडवर पिवळ्या रंगात होतं: इंगोले दाल मिल,
आणि खाली, बारीक, प्रो. प्रा. नलूबाई.

गच्चीवर तूर वाळत होती, तेल लावलेली.
दाराला, मीटरला, हिशेबाच्या वहीला
टरफलाची धूळ.
संघदीपनं पहिला प्रश्न पाठ केलेला:
तुमच्या उद्योगाची दीर्घकालीन दिशा काय?
बाईंनी वळून पाहिलं.
"शेडचं तोंड उगवतीले हाये. काहून?"

मग प्रश्नावली बॅगेत गेली आणि आम्ही मोजायला बसलो.
क्विंटलला डाळ किती, खंडा किती, चुणी किती,
चुणी कोण नेतं, रोखीनं की उधार,
लाईट गेली की कोणाचा खाडा धरतात.
मागं लिंबाखाली नऊ बाया डाळ निवडत होत्या,
बोटं अशी चालायची
की मोबाईलवर वेळ लावून मोजणारी ईश्वरी
दोनदा चुकली.

अडचण तिथंच होती.
नागपूरच्या व्यापाऱ्याला खडा चालत नव्हता.
एक मशीन मिळत होतं, कॅमेऱ्यानं रंग पाहून
काळा दाणा फुंकून टाकणारं.
किंमत ऐकून नुजहतनं पेन खाली ठेवलं.
घ्यावं की नाही,
हा आमचा शेवटचा परिच्छेद.

चौथ्या खेपेला मसुदा नेला.
नियमाप्रमाणं नाव बदललेलं, गाव बदललेलं,
प्रत्येक आकडा एका गुप्त संख्येनं गुणलेला.
बाईंनी चष्मा लावून अकरा पानं वाचली,
मध्येच उठून कोणाला दोन पोती चुणी मोजून दिली,
परत बसून वाचली.
"नाव माझं नाई, गाव माझं नाई, आकडे बी दुसऱ्याचे.
परेशानी तेवढी माझीच ठेवली तुमी."
शेवटचं पान उलटून कोरी बाजू पाहिली.
"अन् मंग? काय केलं तिनं?"
ते लिहीत नाहीत, मावशी. वर्गात पोरं ठरवतात.
"पोट्टे ठरवतात?"
अशा हसल्या की लिंबाखाली
सगळी सुपं थांबली.

गयाबाई सूप घेऊनच आत आल्या.
"आमी कोनत्या पानावर?"
मी पान नऊ काढलं. परिशिष्ट तीन, ओळ चौथी:
निवड मजुरी (९).
त्या कंसावर त्यांनी बोट ठेवलं,
डाळीनं पिवळं पडलेलं.
"हे आमी?"
हो.
तेवढा एकच आकडा आम्ही गुणला नव्हता.
साडेबारा बाया लिहिता येत नाहीत.
"बरं हाये," त्या म्हणाल्या, "सगळ्या मावलो."
त्या थट्टा करत होत्या का,
मला अजून कळलेलं नाही.

बाईंनी सही केली, तारीख मोठी टाकली.

मार्चमध्ये केस वर्गात झाली.
लिहिणाऱ्यांनी गप्प बसायचं असतं.
पन्नास मिनिटांत मशीन घेतलं गेलं, अडतीस विरुद्ध सहा.
कोणीतरी नऊ जणींना पॅकिंगला बसवलं.
कोणीतरी फळ्यावर परतफेडीचा काळ काढला,
आणि बरोबर काढला, आमच्याच आकड्यांवरून.
संघदीप खिडकीबाहेर पाहत राहिला.
सर म्हणाले, चांगली केस आहे, दोन्ही बाजू तोलतात.

आखाजीच्या आठवड्यात एसटीच्या पार्सलनं
चार पिशव्या आल्या, प्रत्येकीवर आमची नावं,
खरी, स्केचपेननं.
चिठ्ठी नव्हती.
फोन लावता आला असता.
मी ताटात डाळ पसरली, उजेडाकडं धरली.
एक खडा नाही.
एक काळा दाणा नाही.
बोटानं परत एकदा फिरवून पाहिली,
सावकाश, कडेपासून मधोमध.
मग कुकर लावला.