अडीचशे अक्षरांत

प्रश्न सतरावा. होय किंवा नाही.
खाली एक पट्टी:
'होय' असल्यास खुलासा करा, अडीचशे अक्षरांत.

डुलुथच्या ग्रंथालयात, दुसऱ्या मजल्यावर,
एका माणसाला अर्धा तास संगणक मिळतो.
खिडकीतून सरोवर दिसतं.
एप्रिल उलटत आला तरी काठचा बर्फ
हटायला तयार नाही.
शेजारचा म्हातारा एकट्याचा पत्त्यांचा डाव मांडून बसलाय
आणि हरला की हळूच माझ्याकडे बघतो.

मी लिहिते: त्या रात्री माझ्या बहिणीकडे...
खोडते. आर्डिसला कशाला ओढायचं?
ती तर म्हणाली होती, राहा ना, सोफा मोकळाच आहे.
लिहिते: फक्त तीन ग्लास.
आधी 'फक्त' खोडते.
मग 'तीन'.
चार होते. वकिलालाही मी तीनच सांगितले होते.

लिहिते: कुणालाही इजा झाली नाही.
हे खरं आहे.
ओडेगार्डांची टपालपेटी खांबासकट आडवी झाली, एवढंच.
दिवसभराचं टपाल त्यांनी काढलेलं नव्हतं,
ते बर्फावर पसरलं:
विजेचं बिल, बियाण्यांचा कॅटलॉग,
कुणाच्या तरी बारशाचा फोटो.
हेडलाइटच्या उजेडात गुडघे टेकून
मी ते गोळा करत होते,
मोठी पाकिटं खाली, लहान वर, पत्ते एका बाजूला,
तेव्हा पोलीस आला.
त्याला वाटलं, बाईचं काहीतरी हरवलंय.

सोळा वर्षं मी त्याच पेटीत
गाडीच्या खिडकीतून हात काढून
टपाल टाकत होते.
हे अडीचशेत बसत नाही.

'नाही'वर टिचकी मारायला काही लागत नाही.
मार्चमध्ये मारली होती, एका गोदामाच्या अर्जावर.
अकरा दिवस खोकी उचलली.
बाराव्या दिवशी कुठूनसा कागद आला.
कुणी आवाज चढवला नाही.
ऑफिसातल्या बाईनं माझं जाकीट
घडी घालून हातात दिलं.
त्या घडीचा राग अजून येतो.

आता गाडीत यंत्र बसवलंय.
नळीत फुंकल्याशिवाय इंजिन जागचं हलत नाही.
दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं;
मी माझी गाडी फुंकते,
उणे वीसमध्ये, मिटन दातांनी ओढून काढत.
एमेट शाळेच्या दोन चौक आधी उतरतो.
चालणं चांगलं असतं, मी म्हणते.
हो, तो म्हणतो, आणि दार अगदी हलक्या हातानं लावतो.

"तुमची पाच मिनिटं राहिली," पडद्यावर अक्षरं येतात.
म्हाताऱ्याचा डाव जमलाय, पत्ते धबधब्यासारखे कोसळतायत.
मी लिहिते:
जानेवारीत दारू पिऊन गाडी चालवली. गुन्हा कबूल केला.
टपालपेटी नवी बसवून दिली.

दीडशेच्या वर अक्षरं उरली.
त्यांचं काय करायचं कळेना, तशीच सोडली.
काम बेकरीचं आहे, पहाटे तीनचं.
पाव लादायचे, माणसं फार दिसायची नाहीत.
पाठवलं.

घरी जाताना मधल्या रस्त्यात यंत्र किणकिणतं.
चालत्या गाडीतही ते विचारतं.
प्रत्येक श्वासाची नोंद ठेवतं, माहीत आहे मला,
तरी दर खेपेला विचारतं ते आत्ताचं.
मी गाडी कडेला घेते. फुंकते. हिरवा दिवा.

थांबलेय ती जागा ओडेगार्डांच्या समोरची.
नव्या पेटीचं लाल निशाण वर केलेलं आहे,
म्हणजे आत पत्र आहे, न्यायचं.
खांब जरासा तिरका बसलाय.
तेव्हा जमीन गोठलेली होती.