एकशे एकवीस अंश

तिबिलिसीत, विद्यापीठाच्या तळघरात
मी सव्वीस वर्षं काचा धुते.
वरच्या मजल्यावर मुलं जे वाढवतात
ते संध्याकाळी ट्रॉलीवरून माझ्याकडे येतं,
झाकणांवर नावं, तारखा, एखादीवर बदाम काढलेला.
एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं.
शिट्टी नाही, नुसता काटा.
मग सगळं सारखंच होतं: चुकलेलं, जमलेलं, पहिल्या नंबराचं.

दुसऱ्या वर्षाला एक म्झेविनार आहे.
रुस्तावीहून बसने येते, ओठ कायम फुटलेले.
नदीचं पाणी बाटलीत भरून आणलं तिनं,
पुलाखालचं, जिथे माणसं गळ टाकून बसतात.
गाळलं. जंतूंच्या सायीवर सोडलं.
दुसऱ्या दिवशी सायीला भोकं.
"ही भोकंच मोजायची, त्सियाला मावशी.
जंतूंना खाणारं कुणीतरी इथे जेवून गेलंय."
मोजली. सत्तेचाळीस.
पुढच्या खेपेला एकही नाही.
तिसऱ्या खेपेला हिरवी बुरशी,
आणि ओतिया सर सगळ्यांदेखत म्हणाले,
ज्याचं तोंड उघडं त्याची बशी घाण.
ती खाली आली, माझ्या उपड्या बादलीवर बसली.

मी तिला वाटीभर मात्सोनी दिलं,
आमच्याकडे दह्याला तसं म्हणतात.
विरजण सासूचं. वीज नव्हती त्या हिवाळ्यात
मी ते बरणीसकट पांघरुणात घेऊन झोपायची,
नवरा पलीकडे कुडकुडायचा.

अर्धी वाटी खाल्ल्यावर तिला काय सुचलं,
मला हाताला धरून वर नेलं.
चमच्याचं टोक काचेवर पुसलं,
ज्योतीवरून तीनदा फिरवलं,
जांभळा, आयोडीन, स्पिरिट, गुलाबी,
मधेमधे नळाची धार,
ओठ हलत होते पाठांतरासारखे.
"बघा."

सव्वीस वर्षं मी ही भिंगं पुसते.
डोळा कधी लावला नव्हता.
आधी माझीच पापणी दिसली.
मग जांभळ्या माळा, तुटक, मधेच काड्या,
कुणी ओवता ओवता दार वाजलं म्हणून उठल्यासारख्या.

"जिवंत आहेत का गं?"
"नाही मावशी. रंग चढायला आधी भाजावं लागतं."
असं होय.

खाली ट्रॉली भरून उभी होती. काटा चढवला.
वाटीच्या तळाशी चमचाभर उरलं होतं
ते काही धुवायला घेतलं नाही.
वर जुना परीक्षेचा पेपर, त्याला रबरबँड,
पिशवीत उभी ठेवली.
म्झेविनार बस चुकेल म्हणून पळाली,
हातमोजे तसेच हातात.