तिसरं पद

बाहेर पाषाणचा डिसेंबर, स्वेटरचा.
आत स्क्रीनवर सप्टेंबरमधली हिमनदी.
तीस मीटरचा एक चौकोन, त्यात एकच आकडा:
आलेल्यातला किती उजेड परत पाठवला.
बर्फाला मी कधी हात लावलेला नाही,
फ्रीजरमधला सोडून.

उपग्रह साडेदहाच्या सुमारास जातो वरून,
दूधवाल्यासारखा, वेळेचा पक्का.
ढग आडवे आले की मात्र
बसा सोळा दिवस.

आधी सूर्य धरला हिशेबात. मग आकाश,
दरीच्या तळातून दिसतं तेवढंच,
कड्यांनी कातरलेलं.
तिसरं पद समोरच्या उतारावरून येणाऱ्या उजेडाचं.
ते मी गाळलं.
समासात लिहिलं, नगण्य.
सोनटक्के मॅडमनी त्या शब्दाखाली
पेन्सिलीची रेघ ओढली आणि चहाला गेल्या.

आमचं स्वयंपाकघर उत्तरेला.
कुंडीतली मेथी दोन पानं काढायची, मान टाकायची.
समोर काचेचा टॉवर चढला तेव्हा
सोसायटीने अर्ज केला, मीही सही केली,
आकाश गेलं म्हणून.
आणि या रविवारी, एकच्या सुमारास,
ओट्यावर, डब्यांवर, कणकेच्या परातीत
ऊन!
हातभर, वाकडं, जरासं हलणारं.
सहाव्या मजल्यावर कुणी खिडकी ओढली
तर उडी मारून गॅसच्या नळीवर बसलं.
मेथी बोटभर झालीय. मी पाहिलंच नव्हतं.

रात्री गेनबा खुर्ची सोडून
कंपाउंडच्या काळ्या भिंतीला पाठ लावून बसलेला.
"टेका की मॅडम, अजून गरम हाय."
टेकले.
दिवसभर गिळलेलं ऊन दगड
सावकाश, कुणाला न दाखवता, परत देत होता.
तिकडे कडेही असेच उभे असतील बर्फाभोवती,
रात्रभर,
साडेदहाला येणाऱ्याला काय कळणार.

सोमवारी नगण्य खोडलं.
गणित पुन्हा सोडलं, दुपारपर्यंत चाललं.
सावलीतले चौकोन काळ्याचे करडे झाले,
आणि वितळण्याचा आकडा वर सरकला,
थोडासाच.
ज्या उजेडाने मेथी धरली
त्याच जातीचा हा उजेड.
मॅडमना फाइल पाठवताना
विषयाच्या ओळीत काय लिहावं ते सुचेना.

आज समोर सहाव्या मजल्यावर
पडदे लावणारा माणूस शिडीवर चढलाय.
मी कुंडी उचलून
कठड्याच्या अगदी टोकाला ठेवते.