बिनजोड

रिगाच्या बसला अजून दोन तास होते,
व्हेंटा नदीवरून वारा कापत येत होता,
म्हणून आत शिरले, एवढंच.
दारातच बुटांवर चढवायला
नमद्याचे सपाते देतात, लाकडी खोक्यातून उचलून.
डावा सैल, उजवा चिमटत होता.
"जुळतीलच असं नाही," वेल्टा म्हणाली, न हसता.
एकोणीस वर्षं हेच वाक्य बोलत असावी.

घर औषधविक्याचं. इंद्रिकिस ग्राउदिन्श.
खाली खल, तराजू, कपाटांच्या सांध्यांत
अजून कापराचा वास.
आणि जमवायचा तो फक्त
जोडीतलं उरलेलं एक.

एक कर्णफूल. एक रिकीब.
बँडमधली एक झांज, आपटायची कशावर कोण जाणे.
निळा काचेचा डोळा, कापसात निजवलेला.
तळमजल्यावर कप, माळ्यावर बशी.
"लावून पाहिलंत कधी?"
"त्याने लिहून ठेवलंय, घाई नको."

प्रत्येकाखाली त्याच्या किरट्या अक्षरातली चिठ्ठी,
दुसरं कसं गेलं त्याची:
दुसरं गाईने खाल्लं.
दुसरं नवऱ्याच्या बोटासकट गेलं.
दुसरं बहिणीकडे आहे, पण ती बोलत नाही.

गावाने लुबाडलंही त्याला.
धडधाकट जोड फोडायचे,
एक या बाजारी विकायचे, दुसरं पुढच्या.
त्याने दोन्ही घेतली
आणि दोन मजल्यांवर ठेवली.

"असं का करायचा?"
"पैसा होता, झोप नव्हती."
लग्न?
"संग्रह बिघडला असता."

मृत्युपत्रात मात्र एक कलम:
ज्याच्याकडे दुसरं असेल
त्याला हे परत द्यावं, फुकट.
आजवर तिघं आली. त्यातला एक लबाड.

त्या दुपारी चौथी आली, स्कायद्रीते,
पंच्याहत्तरीची, पिशवीत वर्तमानपत्र,
वर्तमानपत्रात लोकरीचा हातमोजा, आत्याचा.
मार्चमधल्या त्या रात्री ट्रक दारात थांबला,
एक तिने हातात घातला, दुसरा चुलीवर वाळत राहिला.
सैबेरियात आठ हिवाळे तिने त्या एकावर काढले,
आज हा हात, उद्या तो.

वेल्टाने कपाट उघडलं.
चिठ्ठीवर होतं:
चुलीवर मिळाला. घर उघडं.
किंमत कुणाला द्यावी?

टेबलावर दोन्ही शेजारी ठेवले.
तीच लाल नक्षी, तेच आठ टोकांचे तारे,
मनगटाला तीच झालर.
मग अंगठ्यांकडे लक्ष गेलं.

दोन्ही डावे.

स्कायद्रीतेने आपला उलटा करून पाहिला.
उलटा केला की होतो उजवा,
पण नक्षी आत जाते
आणि सगळ्या गाठी बाहेर.

"म्हणजे कुठेतरी दोन उजवे आहेत,"
ती म्हणाली, आणि पडलेल्या दातावर हात धरून
हसत सुटली. वेल्टासुद्धा, पहिल्यांदाच.
मग मला म्हणाली, हात पुढे कर. डावा.
कपाटातला माझ्या हातात चढवला,
आत्याचा स्वतःच्या,
आणि आम्ही दोघी तशाच उभ्या,
टाळीही वाजणार नाही अशा.

वेल्टाने वही काढली.
जोड नाही, कलम लागू नाही.
रकाना कुठला, तिला सुचेना.
पेन बराच वेळ हवेत होतं
आणि खाली बसचा भोंगा वाजला.

अर्ध्या वाटेत, पाईनच्या रानात,
पाय अवघडला म्हणून खाली पाहिलं:
उजव्या बुटावर अजून तो चिमटणारा सपाता.
परत पाठवेन, पोस्टाने, असं ठरवलं.
अजून ठरवतेच आहे.
तिकडे त्या लाकडी खोक्यातून
वेल्टाने डावा बाजूला काढला असेल,
खाली चिठ्ठी लावली असेल:
दुसरं रिगाच्या बसने गेलं.