दोनशे चौदावं ताट

पहाटे साडेचारला इवानिल्जी शाळेचं कुलूप काढते
तेव्हा आत एक पिवळा दिवा
आणि रात्रभर भिजलेला काळा घेवडा.
पाणी जांभळं झालेलं.
ती मनगटापर्यंत हात बुडवते,
खडा लागतो का, चाचपते,
नाही लागत.

ही शाळा ब्राझीलमधली,
जेकितिन्योन्या नदीच्या वरच्या अंगाला,
जिथे धूळ इतकी तांबडी
की पांढरा शर्ट आठवड्यात विटेच्या रंगाचा होतो.
मुलं वर्गात जाण्याआधी स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबतात.
नाकाने हजेरी देतात.
बाई घेतात ती दुसरी.

याच खिडकीशी इवानिल्जी उभी असायची, सात वर्षांची.
तेव्हा पाकिटं यायची दूरच्या कुठल्या कारखान्यातून :
गुलाबी भुकटी, पाण्यात ढवळली की तिला दूध म्हणायचं,
आणि खोक्यातच मोडलेली बिस्किटं.
चव आठवत नाही तिला.
ढवळणारी बाई आठवते, पाठमोरी.
नाव कुणी विचारलं नव्हतं.

नऊ वर्षं ती ठेकेदाराच्या कागदावर होती.
डिसेंबरात कागद संपायचा, फेब्रुवारीत नवा निघायचा,
मधला जानेवारी कुणाच्याच वहीत नव्हता.
आपण म्हणतो ना, हातावर पोट,
तिच्या भाषेत काय म्हणतात मला ठाऊक नाही.
पण उकळत्या पेजेने हात पोळला
तेव्हाही पोट हातावरच होतं,
आणि फोडांवर ओलं फडकं गुंडाळून
तिनं भात वेळेवर उतरवला.

मग नगरपालिकेने परीक्षा घेतली.
स्वयंपाकिणींची, लेखी!
ती आणि तिची भाची एकाच बाकावर,
अपूर्णांकांशी झुंजत.
(तीन चतुर्थांश किलो मीठ, हा प्रश्न तिला अजून छळतो.
कोण घालतं इतकं मीठ?)
भाची नापास झाली. इवानिल्जी पास.
पहिल्या पगारपत्रकावर पूर्ण नाव होतं,
इवानिल्जी रोझा तावारेस,
एकही अक्षर न चुकता.
आणि जानेवारीही होता त्यात.

गुरुवारी जुरांजीरची गाडी येते,
भोपळे, कसावा, केळी, हिरव्या पानांच्या जुड्या.
आधी वर्षातले आठ महिने तो परमुलखात ऊस तोडायचा,
मुलीला त्याचा आवाज फोनमधलाच माहीत.
आता शाळा घेते त्याचं पिकलेलं.
पैसे तारखेला येतात. म्हणजे, यायला हवेत;
मागच्या खेपेला चाळीस दिवस लागले,
आणि तो तिच्यावरच ओरडला, जसा काही खजिना तिच्या पातेल्यात.
तीही सोडत नाही :
"ही पानं कालची. ने परत."
"दव बघ की त्यावर!"
"दव नाही, तू पाणी मारलंयस."
मग दोघंही हसतात, आणि जुडी परत जाते.

दहाला घंटा.
जुरांजीरची टाइनारा भोपळा ताटाच्या कडेला लोटते.
घरी रोज हेच, म्हणते.
शेजारचा पोरगा तो उचलून तोंडात टाकतो,
गोड लागला म्हणतो,
तशी तिचा हात एकदम ताटाभोवती :
"आमचा आहे तो!
शेळीनं चावलेला, मीच आणला खांद्यावरून."
आणि उरलेला संपवते,
रागाने, साल सोडून.

दोनशे तेरा ताटं.
ती मोजत नाही, डाव मोजतो.
"इवा, अजून!" "इवा, माझ्यात तिखट नको!"
नावाची नुसती फेकाफेक, भिंतीपासून भिंतीपर्यंत.
कधी कधी या गोंगाटात तिला वाटतं
मागे वळून त्या भुकटीवाल्या बाईला विचारावं.
पण मागे चूल, आणि चुलीवर दूध,
आणि दूध वाट बघत नाही.

एक वाजता पातेलं घासून पालथं.
मग ती एक ताट वाढून घेते.
पूर्वी ओट्याशी उभ्यानेच, चार घास.
आता स्टूल ओढते. बसते.
चप्पल काढते.
पहिला घास.

आणि त्या घेवड्यात
सगळी शाळा जेवून गेल्यावर
नेमका तिलाच लागतो खडा.