एक-तीन-दोन

नाव आठशे, मोजून सातशे शहाण्णव.
उरलेले चार सीसी गेले कुठे, असं आगाशेबाईंनी
पहिल्याच खेपेला विचारलं होतं.
वेधशाळेतली नोकरी, पाऊस दशांशात मोजणारी बाई.
मी म्हटलं, दुधात पाणी असतं तसं नावात असतं.
त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

तीन सिलिंडर. ठिणगी पडते एक-तीन-दोन,
एक-दोन-तीन कधीच नाही.
गंज पेठेत इस्माईल मिस्त्रींनी मला हे
तीन बोटांवर शिकवलं, मधलं बोट शेवटी मिटून.
तेल तीन लिटरला थोडं कमी.
प्लगची फट पाऊण मिलिमीटर.
टॅपेट, इंजिन थंड असताना, पंधरा आणि अठरा:
मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले तेवढे.
कमी सोडले तर व्हॉल्व्ह जळतो,
जास्त सोडले तर कुरकुरतो.
माणसांचंही असंच असतं, असं गिऱ्हाईकं म्हणतात.
मी म्हणत नाही.
माणसांत फीलर गेज जात नाही.

हिचे आजार पाठ आहेत.
कात्रजच्या जुन्या घाटात काटा लाल रेघेला टेकला
तर आधी पंख्याचा स्विच बघायचा,
मग रेडिएटर. कुणीतरी बोअरचं पाणी ओतलेलं असतं,
आत चहाच्या किटलीसारखा थर.
तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली
की लगेच हेड गॅस्केट म्हणून घाबरवायचं नाही,
विचारायचं, गाडी फक्त कोपऱ्यावर भाजीला नेता का?
मग ती नुसती वाफ, खंडाळ्याला फिरवून आणा, जाईल.
डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला केसाएवढी चीर,
जुलैत वीज तिथूनच पळते.
चोक ओढला आणि विसरले: प्लग काजळीने काळे.

या खेपेला बाई म्हणाल्या, टिकटिक येते,
वरच्या झाकणातून, शिवणयंत्रासारखी.
मी बॉनेट उचललं, चालू ठेवा म्हटलं.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक झाकणावर,
मूठ कानामागच्या हाडाला.
थरथर आली.
बेल्टची घरघर, पंख्याचा भुंगा, नाना पेठेकडे वळणारी बस,
जाडे आवाज सगळे जागच्या जागी.
बारीक तेवढा नाही.
'येतोय ना?'
'येतोय,' मी म्हटलं.
तेजल पाने पुसत होती. तिचा हात थांबला.

रात्रभर इंजिन गार होऊ दिलं.
सकाळी झाकण काढून पत्ती सरकवली.
एक नंबर बरोबर. तीन बरोबर.
दोनच्या एक्झॉस्टला पत्ती अशी आत गेली
जसा रिकाम्या खिशात हात.
अठराचे तीस झालेले.
नट सोडला, स्क्रू किंचित, पुन्हा किंचित,
पत्ती ओढली तर थिजल्या तुपातून चमचा यावा तशी
अडत आली.
बोटांना अजून सगळं ऐकू येतं.

गाडी चालू केली. तेजलला म्हटलं, लाव कान.
तिने डोळे मिटले.
'गेला आवाज,' म्हणाली. मग हळू,
'मामा, काल तुम्हाला…'
'चोक आत ढकल,' मी म्हटलं.

बाईंनी पैसे दोनदा मोजले,
वहीत तारीख, किलोमीटर, टॅपेट.
टोपण लावता लावता म्हणाल्या,
नेहमीपेक्षा जरा मोठ्याने,
'आमच्याकडे पर्जन्यमापक जुनं झालं की
शेजारी नवं ठेवायचे, ढमढेरे.
वर्षभर दोन्हींची नोंद घ्यायचे. जुनं लगेच काढत नसत.'

पट्ट्याची कुरकुर करत गाडी सोमवार पेठेत वळली.
पट्टा मी ऐकला.